माझा वास्तववादी सिनेमा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. तरी ही एक गोष्ट मी ह्यांनाही सांगितली नाही — अगदी ह्यांच्या शेवटच्या आजारपणातही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. परवापासून डोळ्याला डोळा नाही, एवढं खरं. नातीच्या कॉलेजात मला बोलायला बोलावलंय. विषय — आपला सिनेमा, परदेशी सिनेमा आणि सामाजिक बांधिलकी. हसू नका.

तिशीतली मी म्हणजे एक नमुनाच. खांद्याला झोळा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि पुण्याच्या फिल्म क्लबात पाहिलेले चार परदेशी सिनेमे. तेवढ्या भांडवलावर चिंचवडच्या कॉलनीतल्या बायकांना शिकवायचे — आपल्याकडे नुसती गाणी आणि रडारड, वास्तव बघावं तर तिकडचं! मग वाटलं, आपणच का दाखवू नये वास्तव? लग्नाचं शूटिंग करणारा एक व्हिडिओवाला पकडला आणि दिघीला कमलच्या खोलीवर गेले. हे ज्या कंपनीत साहेब होते, तिथंच प्रेस मशीनखाली तिच्या नवऱ्याची बोटं गेली होती. मागोमाग नोकरीही.

कमल ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून तयार! मी कपाळाला हात लावला. म्हटलं, फाटकी नेस गं.

"फाटकी न्हाई ओ ताई माझ्याकडं. तुमच्याकडंच बघा एखादी."

ती चेष्टा करत होती. मी मात्र खरंच घरी गेले, फरशी पुसायला काढलेली साडी आणली, पदर आणखी थोडा फाडला — आणि तिला नेसवली. व्हिडिओवाला सवयीनं म्हणे, "वहिनी, इकडं बघा, जरा हसा!" ती हसायची. मी ओरडायचे. पाण्याची कळशी घेऊन किती वेळा चालवलं तिला!

मध्येच म्हणाली, "ताई, साहेबांना सांगा की. क्यांटीनमधी भांडी घासायला बी येते मी."

सांगते, म्हटलं. आणि लगेच — आता तोंड तसंच ठेव!

सांगितलं का? थांबा — येतेय तिकडंच.

कॉलनीच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. टाळ्या पडल्या. एका गृहस्थांनी विचारलं, त्या बाईचं पुढं काय झालं? ह्यांची सेकंड शिफ्ट होती, म्हणून तर जीभ सुटली. म्हटलं, तिकडचा दिग्दर्शक दुःख दाखवतो आणि घरी जातो. आपला सिनेमा जबाबदारी घेतो. कमलला आम्ही कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लावून दिलंय! कालपर्यंत तिकडच्यांची आरती ओवाळणारी मी — आणि ह्यांच्याजवळ तर शब्दही काढला नव्हता. टाळ्या मात्र पहिल्यापेक्षा मोठ्या.

कमल मागच्या दाराशी उभी होती, हे कुठं ठाऊक होतं मला?

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात ती, हातात डबा.

"ताई, कुठल्या गेटनं जायचं? का साहेबांबरोबरच येऊ?"

हे आत चहा पीत होते. एक हाक मारायची होती — पण मारली असती तर कालचं खोटं उघडं पडलं असतं. मी आवाज खाली आणला.

"कमल, ते सिनेमापुरतं बोलले होते गं."

तिनं डबा पदराखाली घेतला.

"असं व्हय," म्हणाली. "मला वाटलं, खरंच."

दिघीला मी पुन्हा कधी गेले नाही. त्या सकाळी दार लावलं ते हळूच — आत आवाज जाऊ नये म्हणून.