मेलेल्यानं घरी जावं

बद्रीनाथ वाशीमहून पुण्यात आला तो नोकरीसाठी. नोकरी लागलीही, हडपसरच्या एका आयटी कंपनीत, दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची. माणसं मात्र मिळेनात. कोथरूडच्या ज्या सोसायटीत तो भाड्यानं राहायचा, तिथले शेजारी त्याच्याशी पहिलं वाक्य बोलले ते गाडी कुठे लावू नये याबद्दल. दुसरं वाक्य अजून यायचं होतं.

मग ऑफिसातला शुभंकर अमेरिकेहून एक खेळ घेऊन आला. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि कुणाचा वार लागला, कुणाचा हुकला हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. गोष्ट सांगणारा तो गेम मास्टर, आणि ते काम आलं बद्रीनाथकडे. बद्रीनाथ गोष्ट अशी रंगवायचा, की ऑफिसातल्या अभिनवसारखा टिंगलखोरही चहा गार करून बसायचा. दर रविवारी दुपारी त्याच्या फ्लॅटवर शुभंकर, अभिनव आणि प्रियदर्शनी जमायला लागले, सगळे त्याच ऑफिसातले. आठवड्याचे बाकीचे दिवस हा गडी त्या रविवारवर जगायचा. अतिशयोक्ती नाही, खरंच जगायचा.

भानगड झाली ती लढायांमुळे. एक साधा राक्षस मारायचा, तर फासे टाका, बेरजा करा, ढालीचे गुण वजा करा, त्यावर वाद घाला. दुपार संपायची आणि राक्षस आपला धडधाकट! "याच्यापेक्षा पीएमटीची बस लवकर येते," अभिनव म्हणाला. शुभंकर घड्याळ बघायला लागला. बद्रीनाथनं घाईघाईनं सगळ्यांना पुन्हा चहा ओतला. ही मंडळी कंटाळली, तर संपलंच की सगळं.

म्हणून त्यानं घरचे नियम केले. सगळ्यांचा जीव निम्मा. एकाच फाशात वार आणि जखम दोन्ही. विचार करत बसलात तर पाळी गेली. वीस पडले की समोरचा खलास, मग तो राक्षस असो नाहीतर वीर. मेलेल्याला उठवणारे मंत्रबिंत्र बंद. नवा वीर पुढची गोष्ट सुरू होईल तेव्हाच. आणि मेलेले लोक बाजूला बसून फुकटचे सल्ले देतात, म्हणून शेवटचा नियम त्यानं खास पुणेरी थाटात लिहून भिंतीला चिकटवला: 'मेलेल्यानं घरी जावं. थांबल्यास चहा मिळणार नाही.'

काय हशा पिकला! आणि खेळाला अशी धार आली की विचारू नका. प्रत्येक फाशाला जीव टांगणीला. पुण्यात बद्रीनाथ एवढा सुखात कधीच नव्हता.

मग शुभंकर मेला. नियमाप्रमाणे घरी गेला, आणि त्याला शोध लागला, की रविवारची दुपार नुसती लोळायलाही असते. पुढच्या खेपेला अभिनव तलवार म्यानातच ठेवून एकटा राक्षसाच्या अंगावर चालून गेला.

"अरे, काहून जातो बे तिकडं?" बद्रीनाथ ओरडला. घाबरला की त्याच्या तोंडून वाशीम बाहेर पडायचं.

"वीर आहे ना मी," म्हणताना अभिनवनं गाडीची किल्ली आधीच हातात घेतली होती. सासरच्यांना फ्लॅट दाखवायचा होता म्हणे.

नवी गोष्ट सुरू करायच्या आधी बद्रीनाथनं दोघांना फोन केले. शुभंकरनं उचललाच नाही. "आम्ही या वेळी मेलेलेच राहतो रे," अभिनव म्हणाला आणि हसला. बद्रीनाथला काही हसू आलं नाही.

उरली प्रियदर्शनी. ती यायची, मन लावून खेळायची. तिच्यापायी या सरळ माणसानं लबाडी सुरू केली. मिठाईच्या खोक्याच्या झाकणाआड फासा टाकायचा आणि वीस पडले तरी सांगायचा, "हुकला." पोरगी दरीत कोसळली, तरी नुसतं खरचटायचं! जीवघेणे नियम यानंच केले, आणि आता हाच ते चोरून मोडत बसलेला.

एका रविवारी बोगद्यात राक्षस समोर उभा असताना ती म्हणाली, "मी ढाल टाकते. चिलखतही काढते."

बद्रीनाथनं झाकणाआड फासा टाकला. "हुकला."

"परत टाक."

"परत हुकला."

तिनं हात लांब करून झाकण उचललं. वीस.

"कधीपासून वाचवतोयस मला?"

"तू मेलीस तर..." त्यानं फासा उचलून मुठीत धरला.

"बद्री, मी मागेच सांगायला हवं होतं. मला नाही जमत रे आता रविवारी. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. म्हटलं, मरेनच कधीतरी आपोआप."

म्हणजे इतके रविवार ही मरायची वाट बघत बसली होती, आणि तो मरू देत नव्हता! बद्रीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं घसा खाकरला, राक्षसाची गदा वर उचलली आणि तिला मारलं. गोष्ट सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही.

"सुटले बाई!" तिच्या तोंडून निघून गेलं. तिनं लगेच जीभ चावली. मग दोघांचे कप विसळून ठेवले, तोंडाला स्कार्फ बांधला आणि चपला घातल्या.

नियम त्याचेच होते. हवं तर तिथल्या तिथे सगळे बदलले असते त्यानं, मेलेल्याला उठवलंही असतं. पण उठवलं असतं तरी ती थांबली नसती. "सावकाश जा," तो म्हणाला आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.