दगडाचं दळण

सरूआत्या गेल्याचं कळलं तेव्हा गव्हाचा डबा दारातच होता. मी गहू निवडून ठेवले होते, वर फडकं बांधलं होतं आणि फडक्याच्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे आत्याचा तो खडा गाठ मारून ठेवला होता. कचेरीत जाता जाता डबा तिच्या गिरणीवर टाकायचा आणि संध्याकाळी पीठ आणायचं, एवढंच काम. तेवढ्यात तिची शेजारीण सांगत आली. गिरणी उघडली नाही म्हणून लोकांनी दार ढकललं, तर आत्या अंथरुणातच... झोपेतच गेली होती. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ अण्णा, ओट्यावर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते डब्याकडे बघत राहिले.

आत्याला तरुणपणीच नवरा गेला. तेव्हापासून शिरूरमधली ती पिठाची गिरणी तिने एकटीने चालवली. आमचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी कॉलेजात असताना अण्णांनी शेतात विहीर घ्यायचं ठरवलं. त्यांच्या मनात ओढ्याकडची जागा होती, पण आत्या म्हणाली, "लिंबाखाली खांदा, तिथं पाणी हाय." थोरल्या बहिणीचा शब्द म्हणून अण्णांनी ऐकलं. खाली काळा पाषाण लागला, पाषाणाच्या पोकळ्यांतून गारगोट्या निघाल्या, पाणी मात्र लागलं नाही. काठावर सगळ्या गड्यांसमोर अण्णा म्हणाले, "आक्का, दगडंच निघाली. आता हीच दळ तुझ्या गिरणीत." आत्याने मुठीएवढी एक गारगोटी उचलून पदरात घेतली आणि चालत घरी गेली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

दुसरं कुणी असतं तर आठ दिवस रडून गप्प बसलं असतं. आत्याने खरंच दगड दळायला घेतला. बीडला अंगठ्यांचे खडे विकणाऱ्या एका चाचांकडे जाऊन तिने घासायचं कसं ते बघून घेतलं. मिरची कांडायचं जुनं यंत्र मोडून त्याची मोटर काढली, वेल्डरकडून लोखंडी घोडा करून घेतला आणि त्यावर घासायचं हिरवं चाक बसवलं. दगड कोरडा घासला की धूळ छातीत जाते, म्हणून चाकावर पाण्याची धार हवी. त्यासाठी दवाखान्यातून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी आणून वर टांगली. तिची पहिली चूक मात्र खास गिरणीवालीची होती. चाक गुळगुळीत होऊन घासेना, तेव्हा जात्याच्या दगडी पाळूला लावतात तशी तिने त्याला छिन्नीने खाचा पाडून टाकी लावली. चाकाचे टवके उडाले आणि मोटर सुरू करताच सगळा घोडा थडथडायला लागला. "आता मला काय म्हाईत, ह्याला टाकी चालत न्हाई ते," म्हणत ती स्वतःच हसत सुटली. नवं चाक आलं.

गावात कुणीतरी उठवलं, की गिरणीवाली पिठात गारगोटी मिसळते. चार दिवस डबे कमी आले. आत्याने भांडण केलं नाही, यंत्र उचलून मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. तिथलं लुगडं वेगळं, गिरणीतलं वेगळं. खोलीतून बाहेर आली की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पिठाला शिवायची नाही. घासलेलं गढूळ पाणी लोखंडी टोपल्यात निवळायचं, वरचं पुन्हा बाटलीत भरायचं. आमच्याकडे पाण्याची चैन कुणाला परवडते? आणि काम संपलं की आधी पाणी बंद, चाक मागून. "पाणी पिऊन बसलं तर एका अंगाला जड होतंय. दुसऱ्या दिशी धडधडतं, फुटतं बी." मग ते ओलं चाक कोरडं होईपर्यंत ती समोर शांत बसून राहायची.

तो खडा पहिल्यांदा आमच्याकडे आला तो पिठाच्या डब्याच्या फडक्याला बांधून. अण्णांनी गाठ सोडली, खडा उन्हात धरला, काही न बोलता पुन्हा बांधला. पुढच्या दळणाबरोबर तो परत गेला. आत्याने मला विचारलं, "काय म्हनला?"

"काही नाही."

"काही न्हाई म्हंजे अजून झाला न्हाई," असं म्हणून ती मागच्या खोलीत गेली.

मग हेच सुरू झालं. ती घासायची, चामड्यावर चमकवायची, पाठवायची; अण्णा बघायचे आणि परत करायचे. भाऊबीजेला जायचे, ओवाळून घ्यायचे, चहा न पिता उठायचे. एवढा राग होता तर दुसऱ्या गिरणीवर का जात नव्हते? विचारलं तर म्हणायचे, "तिचं पीठ बारीक असतंय." मी दोघांवरही चिडायचे. मुठीएवढ्या गारगोटीची सुपारी होत आली होती, आत मधासारखा रंग आणि पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या होत्या. एकदा मी म्हटलं, "आत्या, अशानं हा एक दिवस संपून जाईल."

"संपू दे की. त्याच्या आत बोलला म्हंजे झालं."

खडा संपला नाही. आत्याच आधी गेली.

दहावं-तेरावं झालं तसे आम्ही तिच्या घराची आवराआवर सुरू केली. पीठ आता दुसरीकडून येतं. अण्णा पहिल्या घासाला तोंड वाकडं करतात आणि मुकाट जेवतात. गेल्या रविवारी ते म्हणाले, "चल, तिचं ते यंत्र बघू." इतक्या वर्षांत पत्र्याच्या खोलीत त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. बेअरिंगला ग्रीस ताजं होतं, टोपल्यातलं पाणी निवळून वाळलं होतं, तळाशी करडा चिखल भेगाळला होता. मी बाटली भरली, नळी सोडली, बटण दाबलं. चाक जरासुद्धा न थडथडता फिरायला लागलं. शेवटच्या दिवशीही तिने ते कोरडं करूनच ठेवलं होतं.

अण्णा तिच्या पाटावर बसले. खिशातून खडा काढून चाकाजवळ नेला. टेकवला नाही. बराच वेळ हात तसाच धरून होते, पाण्याचे शिंतोडे बाहीवर उडत होते. मग हात मागे घेतला.

"पाणी बंद कर आधी," मला म्हणाले. हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मीच कधीतरी घरी बडबडले असेन, आणि ते ऐकत नाहीत असं मला वाटलं असेल. मी नळी आवळली. चाक नुसतंच फिरत राहिलं.

"झालंय गं आक्का," अण्णा चाकाकडे बघत म्हणाले. "लई बारीक दळलंस."

मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला. चाक कोरडं होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.