उपरण्याची गाठ

आप्पांचं उपरणं आज पेटीत सापडलं. त्याला अजून तंबाखूचा वास येतो. त्या वासासरशी मला गोव्याला जाणारं ते मोठं जहाज आठवलं.

माझी चिऊ तेव्हा दीड वर्षाची होती. तिसगावच्या कोरडवाहू रानात जन्म काढलेल्या माझ्या वडलांना, आप्पांना, एकदा समुद्र दाखवावा म्हणून आम्ही त्यांनाही सोबत नेलं होतं. डेकवर येताच त्यांनी उपरण्याचं एक टोक चिऊच्या कमरेला बांधलं आणि दुसरं आपल्या मनगटाला. खुरपायला गेलेल्या बाया लेकराला बाभळीला बांधतात ना, तसं. आजूबाजूचे लोक हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आप्पा, अहो, ती काय वासरू आहे का?" म्हणत मी गाठ सोडली.

"पान्याचा भरवसा न्हाई, बाई," एवढंच ते म्हणाले.

मग दोन दिवस ते वाकून तिच्या मागेमागे फिरत राहिले. त्या सहलीच्या एकाही फोटोत त्यांचं तोंड समुद्राकडे नाही.

आप्पा जाऊन सहा वर्षं झाली. ती गाठ मी राहू दिली असती, तर माझ्या बापानं मान वर करून एकदा तरी समुद्र पाहिला असता.