एकवीस गिअर आणि एक चढ

आज शेतकरी वडिलांसोबत, म्हणजे अण्णांसोबत, कळंबच्या दुकानात हायब्रीड सायकल घ्यायला गेले. मी येरमाळ्यात मुलींची अभ्यासिका चालवते. गावाहून तिथला रस्ता चढाचा, पण रोज काकांच्या गाडीची वाट बघायची नव्हती.

घरातली पहिली पदवीधर मीच, त्यामुळे व्हिडिओ बघून निवडही मीच करून ठेवलेली. पुढं एकच दातेरी चकती, मागं आठ गिअर, डिस्क ब्रेक. शेजारची, पुढं तीन चकत्या असलेली एकवीस गिअरची सायकल स्वस्त होती, म्हणून मला जुनाट वाटली.

अण्णांनी एवढंच विचारलं, "चढाला कोणती हलकी जाती?"

"अण्णा, हा ट्रॅक्टर नाही."

"न्हायच की! ट्रॅक्टरला इंजिन असतंय. हितं तूच इंजिन हायेस."

दुकानदारही हसला. मी चिडून दोन्ही सायकली दुकानाजवळच्या पुलाच्या चढावर चालवून बघितल्या. माझ्या आवडतीवरून अर्ध्यातच उतरावं लागलं. स्वस्त सायकलीची चेन पुढच्या सगळ्यात लहान चकतीवर घेतली आणि बसल्या बसल्या वर पोचले.

तीच घेतली. एकवीसपैकी रोज चार-पाचच गिअर वापरीन. पण चढाचा तो एक हलका गिअर नसता, तर पहिल्याच चढावरून काकांना फोन केला असता.

तुम्ही निवड करताना सपाट रस्ता डोळ्यांसमोर ठेवता, की चढ?