घट्ट अंबाडा

डोणगावच्या शाळेच्या मैदानावर ती रोज सकाळी धावायची. पोलीस भरतीची तयारी करत असेल, असं मी धरून चालले होते. धावणं झालं की नळाखाली डोक्यातला घाम धुवायची, कुरळ्या केसांतला गुंता बोटांनीच सोडवायची आणि ओल्या केसांचाच घट्ट अंबाडा घालायची. कपाळावरचे केस तुटून पार विरळ झाले होते.

माझेही केस कुरळेच. एक दिवस मला राहवलं नाही.

"पोरी, आधी केस वाळू दे. मग सैल वेणी घाल, नाही तर टक्कल पडंन."

"वेणी नवऱ्याच्या हाती लवकर सापडते, काकू," ती म्हणाली. "एकदा धरली का मंग पळता येत नाही."

शेवटची पिन खोचून तिनं आणखी एक फेरी मारली. भरतीचं मी विचारलंच नाही.