आईची इरकल

"डॉक्टरबाई, साडी कापू नका. आईची आहे. आई नाही आता."

स्ट्रेचरवरून आणलेल्या बाई हे मराठीत बोलल्या आणि माझा हात थांबला.

दुपारची वेळ होती. मलकपेठेत त्यांच्या स्कूटीला लॉरीने उडवलं होतं. सुमनकाकू, वय पंचावन्न, राहणार बरकतपुरा. अंबरपेठेत भाचीच्या बाळाचं बारसं, म्हणून ठेवणीतली इरकल नेसलेल्या. डावी मांडी मोडली होती, बरगड्यांना मार होता.

अशा पेशंटसाठी आमचा क्रम ठरलेला असतो. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास, मग रक्तस्राव, मग मेंदू. आणि अंगावरचा प्रत्येक कपडा कापून काढायचा, कारण झाकलेली जखम जीव घेते. ज्युनियर्सना हे मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगत आले आहे.

सिस्टर रिझवाना कात्री घेऊन तयारच होती. "मॅडम, काट दूँ?"

"ठहरो," मी म्हणाले.

पुण्याहून येऊन मला बारा वर्षं झाली. ड्यूटीवर दिवसभर कानावर दख्खनी उर्दू आणि तेलुगू. कोणी 'डॉक्टरबाई' म्हटलं की मी विरघळते. मी पदर बाजूला करून छाती तपासली. पोटाची सोनोग्राफी केली, रक्त दिसलं नाही. साडी वर सारून मांडीला आधार बांधला. कंबर मात्र निऱ्यांखाली झाकलेलीच राहिली. काकू बारशाबद्दल बोलत होत्या, म्हणून मी निर्धास्त होते.

दहा मिनिटांनी काकू बोलायच्या थांबल्या.

"मॅडम, बीपी गिर रा!"

"काटो!"

निऱ्या बाजूला झाल्या. कमरेची एक बाजू काळीनिळी पडली होती. पेल्विस, म्हणजे कमरेच्या हाडांचं कडं, फुटलं होतं आणि रक्त आतल्या आत साठत होतं. सोनोग्राफीत ते दिसेलच असं नसतं. बाइंडर लावला, म्हणजे कमरेभोवती रुंद पट्टा घट्ट आवळला. रक्ताच्या पिशव्या चढवल्या आणि ऑपरेशन थिएटरकडे धावलो. माझी दहा मिनिटं या बाईच्या जिवावर बेतणार, एवढंच डोक्यात होतं.

काकू वाचल्या. तिसऱ्या आठवड्यात मी वॉर्डात गेले. साडीचे तुकडे रिझवानाने धुऊन ठेवले होते, ते दिले आणि झालेलं सगळं सांगितलं. काकू बराच वेळ काठावरून बोट फिरवत राहिल्या.

"शेवटी कापलीच ना?"

"हो."

"मग आधीच कापायची की."

"तुम्ही नको म्हणालात, काकू."

"मी म्हणणारच की, माय. माझ्या आईची साडी होती. पण डॉक्टर तर तुम्ही होता ना?"



आता पेशंट मराठी बोलायला लागला, की रिझवाना मला न विचारता कात्री चालवते. तशी माझीच सक्त ताकीद आहे.