रंगवाल्या अक्का आणि दाराची चौकट

रंगवाल्या अक्का घरात आल्या की आधी माणसांकडे बघतच नसत. थेट भिंतीशी जाऊन नखानं पोपडा काढत आणि मालकाला, मग तो कितीही मोठा साहेब असो, खडसावत, "हाई भित कोनी बिघाडी?" साहेब उगाच इकडेतिकडे बघत.

मूळच्या त्या धरणगावकडच्या. नवरा रंगकामाचे ठेके घ्यायचा. तो गेल्यावर त्याची माणसं, शिड्या, डबे सगळं अक्कांनी सांभाळलं. तेव्हा जळगावच्या पिंप्राळ्यात नव्या कॉलन्या उठत होत्या. रंगकाम, भेगा बुजवणं, गळक्या गच्चीला डांबर लावणं, सगळी कामं त्या घेत. पदर खोचून स्वतः शिडीवर चढत. घाईत ओल्या भिंतीवर रंग फासणाऱ्या कारागिराला दुसऱ्या दिवशी काम नसे. "ओली भित झाकनारा माले नको," एवढंच म्हणत.

माझ्या लग्नाआधी आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, घर रंगवायला त्यांनाच सांगितलं. खोल्या झाल्या, ओसरी झाली. शेवटी पुढच्या दाराची चौकट राहिली. रंग वाळला की तिच्यावर गणपती काढायचा होता. अक्कांनी ब्रश बुडवला तोच माझी आत्या पुढं झाली. म्हणाली, "चौकट दुसऱ्या कुणाला करू द्या. शुभकार्य आहे, विधवेचा हात नको."

अक्कांनी आबांकडे बघितलं. "भितीस्ले मना हात चालस, चौकटले चालस नही?"

आबा रंगाचे डबे मोजायला लागले. मी नाही गप्प बसले. नवऱ्या मुलीनं तोंड उघडायचं नसतं, पण मी चांगली भांडले. कोण ऐकतंय? अक्कांनीच ब्रश कारागिराच्या हातात दिला. "दोन हात मार, नीट. पोरनं लगन शे." आणि त्या निघून गेल्या. म्हणजे अक्कांनी घोटलेला रंग चौकटीला चालला, अक्का तेवढ्या चालल्या नाहीत. या लोकांना लाज कशी वाटली नाही, हे मला आजही कळत नाही.

पुढे नव्वदनंतर आम्ही धुळ्यात घर बांधलं. मी हट्टानं जळगावहून अक्कांनाच बोलावलं. त्या आल्या, गवंड्याला बोल लावले, सगळं घर झकास रंगवलं. चौकटीला कारागिरानं प्रायमर दिला होता. आता तिचा रंग अक्कांनीच द्यायचा, म्हणून मी ब्रश त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागं घेतला.

"नको माय. उद्या काही व्हयनं तं माले वाटी, मनाच हात लागना." उद्या काही झालं तर आपलाच हात लागला म्हणून झालं, असं त्यांना वाटणार होतं.

जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेल्या बाईला आमच्या लोकांनी हे शिकवलं होतं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी कारागिरालाही चौकटीला हात लावू दिला नाही.

अक्का आता नाहीत. चौकट अजून नुसत्या प्रायमरवर आहे. येणारे-जाणारे विचारतात तेव्हा मी कारण सांगते. ऐकून बरेचजण मान हलवतात आणि म्हणतात, "समजूतदार होती हो बाई."